उणे चोवीस

बाहेर एकोणपन्नास.
शुवैखच्या गोदामांपुढे डांबर चप्पल धरून ठेवतं,
आणि मी लोकरीचे दोन मोजे चढवतो,
वर प्लास्टिकची पिशवी, वर बूट.
पिशवीची युक्ती धनरूपची.
तो हुम्ल्याचा, नेपाळच्या पार वरच्या अंगाचा.
त्याच्याकडे बर्फ आभाळातून पडतो, फुकट.

इथला दारातून येतो.
ट्रक पाठ लावतो, पडदा सरकतो,
समुद्राची दमट हवा आत शिरते
चपला न काढणाऱ्या पाहुण्यासारखी
आणि जिथल्या तिथे गोठते.
छतावर, नळ्यांवर,
तिसऱ्या रांगेतल्या ब्राझीलच्या कोंबड्यांवर
पिठासारखी बसते, मग दगड होते.
ती खरवडणं हे माझं काम.
व्हिसावर लिहिलंय: मदतनीस, सर्वसाधारण.

जॅकेट आधी कुणा सेल्वनचं होतं.
कॉलरच्या आत मार्करने नाव, अर्धं पुसलेलं.
खिशात तीन लवंगा सापडल्या.
दोन मी खाल्ल्या,
एक ठेवली आहे, माझ्यानंतरच्यासाठी.

धनरूप सांगतो: टाच आधी टेकायची नाही.
पाऊल सपाट, चोराचं.
उघड्या हाताने लोखंडाला शिवायचं नाही.
आणि घाम येऊ द्यायचा नाही कधी.
थंडी बिचारी काय करते, मारतो तो घाम.
(हे मी उन्हाळ्यात, कुवेतमध्ये ऐकतोय.)

आखाड संपता संपता एका दुपारी
दार बाहेरून लागलं आणि आतून उघडेना.
कडी गोठलेली.
घंटेचं लाल बटण भिंतीत कुठेतरी,
हातभर बर्फाच्या आड.
तोच कोपरा, जो मी दोन आठवडे
उद्यावर टाकत होतो.

बसायचं नाही, धनरूप म्हणाला.
आम्ही खोकी उचलली,
तिसऱ्या रांगेतून चौथीत,
चौथीतून परत तिसरीत,
सावकाश, घाम येणार नाही इतपत.
मध्ये मध्ये मी कोपरा खणायचो
आणि तो बोलायचा, तोंडातून वाफेचे तुकडे सोडत:
एका माघात घर छपरापर्यंत बुडालं.
चार दिवस दार उघडेना.
लाकूड संपलं तेव्हा बापाने दारच फोडून जाळलं.
मग काय, दारच नव्हतं,
खणत खणत बाहेर आलो.

मी हसलो. मिशीतला बर्फ टोचला.
पापण्या एकमेकींना चिकटत होत्या.
आईचा सकाळचा फोन आठवला, खेडहून:
उन्हाचं जप रे मुनाफ, डोक्यावर ओला रुमाल ठेव.
हो म्हटलं होतं.
तिला हे कधी सांगितलंच नाही,
कुठून सुरू करायचं ते कळत नाही.

बटणाची लाल कड दिसली
तेव्हा पत्रा माझ्या हातात होता की नव्हता
हे बोटांना ठाऊक नव्हतं.
कोपराने दाबलं.

दार उघडलं रमझीने,
सुपरवायझर, अलेक्झांड्रियाचा.
आमच्याकडे पाहिलं, मग रांगांकडे:
ही खोकी कुणी हलवली?

बाहेर आलो.
सगळे ड्रायव्हर भिंतीच्या चार बोटं सावलीत
अंग चोरून उभे.
आम्ही दोघं भर उन्हात, तापल्या फुटपाथवर
मांडी घालून बसलो.
बोटं परत येऊ लागली, एकेक करून,
प्रत्येक जण शिव्या देत.
धनरूपच्या टोपीतून पाणी ठिबकत होतं,
जमिनीला लागायच्या आत नाहीसं होत होतं.
कुणी काही विचारलं नाही.
एका पठाणाने फक्त पाण्याची बाटली सरकवली,
थंडगार,
आणि आम्ही ती तशीच ठेवली, उन्हात.

आता रोज आत गेलो की
आधी घंटा मोकळी करतो.
मग कोंबड्या.